मागून आणलेला तुकडा गोधडीत नको!

वैशाख पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. शेतातल्या पऱ्हाट्या कधीच उपटून झाल्या होत्या आणि पेरणीला अजून अवकाश होता. धामणगाव बढे येथील आमच्या वस्तीत बायकांना दुपारची थोडीफार सवड मिळते ती याच दिवसांत. सासूबाईंचे जुने नऊवारी लुगडे ओसरीवर अंथरून मी त्याच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवत होते. मुलगी बारावीची परीक्षा देऊन घरी आली होती. पावसाळ्यानंतर नर्सिंगच्या शिक्षणाला बाहेरगावी जायचे चालले होते. तिच्यासाठीच ही गोधडी. पण तिने लुगड्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आई, होस्टेलवर मी चिंध्या घेऊन जाणार नाही. पोरी हसतील. मला ब्लँकेट घेऊन दे."

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर मलाही मनातून तसेच वाटत होते. बाजारात पानिपतचे फुलाफुलांचे मऊ ब्लँकेट मिळत असताना लेकीच्या पेटीवर गोधडी बांधून देणे म्हणजे आपले दारिद्र्य बांधून देणे, असे कोणत्या आईला वाटणार नाही? पण सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, चिंधीची लाज नसते व. थे चिंधी कशी आली, त्याची लाज असते."

त्या एका वाक्याने आमच्या ओसरीवर जे सुरू झाले, ते भगिनींना सांगावे म्हणून हा लेख.

चिंधी कशी आली?

सासूबाईंचे माहेर जिल्ह्यातलेच, पण गाव दुसरे. त्यांच्या लहानपणी अंगावरचे कापड विकत आणलेले क्वचितच असे. वाड्यावरच्या बायका जीर्ण लुगडी देत, तीही हातात न देता लांबून टाकत. आणि मढ्यावरचे कापड हा तर महारांचा 'हक्क' मानला जाई! स्मशानातून आणलेले कापड धुऊन त्याची झंपरे शिवली जात, उरलेल्याची गोधडी होई. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रे नेसावीत असे लिहून ठेवले आहे. म्हणजे आमच्या आज्यांच्या अंगावरची चिंधी नुसत्या गरिबीने आली नव्हती. तिला धर्मशास्त्राचा शिक्का होता.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी मनुस्मृतीचे दहन केले. त्याच सुमारास तिथे जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले, की ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून अस्पृश्य म्हणून ओळख पटते तो पेहराव टाका, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, स्वच्छ राहा. कपड्याचा प्रश्न हा माणुसकीचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली. त्यानंतर गावोगाव आपल्या लोकांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, शिळे तुकडे मागणे सोडले. सासूबाईंच्या आईने आणखी एक गोष्ट सोडली. वाड्यावरून आलेली लुगडी घेणे तिने बंद केले. त्या वर्षी घरात गोधडी झाली नाही, कारण कापडच नव्हते. हिवाळा गोणपाटावर काढला. पुढच्या वर्षी वस्तीतल्या पाच-सहा घरांनी आपापल्या घरातले फाटके कापड एकत्र केले, आणि ज्या घरी बाळंतीण होती तिथली गोधडी आधी शिवली. तेव्हापासून त्या घरचा नियम पडला : मागून आणलेला तुकडा गोधडीत नको. शेजारणीकडून घेतला तर तिला आपला द्यायचा.

गोधडी एकटीची नसते

ज्यांनी गोधडी शिवली आहे त्यांना ठाऊक आहे की ते एकट्या बाईचे काम नव्हे. खाली जुने लुगडे, मध्ये धोतराचे किंवा सुती साड्यांचे दोन-तीन थर, वर तुकड्यांची चळत. चारी कोपरे ताणून, सुरकुती काढून, लांब कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे. मग चारी बाजूंना चौघी बसतात. काठापासून धावदोरा सुरू करायचा आणि एकेक बोट अंतर सोडून ओळीमागून ओळ आत आत सरकत मध्यावर यायचे. एकटी बाई घरचे सगळे करून बसली तर महिना जातो. चौघी बसल्या तर पाच दुपारी पुरतात. त्या पाच दुपारी काय काय बोलणे होते ते इथे लिहिण्याची गरज नाही! कुणाचा नवरा पितो, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या मुलाची फी भरायची राहिली, हे सगळे त्या टाक्यांबरोबर भरले जाते.

आणि गोधडीचा जन्म संपतही नाही. लुगडे जीर्ण झाले की गोधडी, गोधडी विरली की खाली अंथरायला, तेही फाटले की पायपुसणे, आणि शेवटी सारवणाचे पोतेरे.

आनंदाने राजाला दिलेले उत्तर

हे वाचून कुणी म्हणेल, ही गरिबाघरची रीत. मग विनयपिटकातील चुल्लवग्गातली एक गोष्ट ऐका. कोसंबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी आयुष्मान आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला राग आला. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण दुकान मांडणार की काय? त्याने जाऊन विचारले, एवढ्या वस्त्रांचे करणार काय? आनंद म्हणाला, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरायला. त्या अंथरुणांचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांचे? ती कुटून चिखलात कालवू आणि जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आमच्या ओसरीवर ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा सगळ्या बायका हसल्या. "म्हणजे पोतेऱ्यापर्यंत सगळं आपल्यासारखंच की!" एकजण म्हणाली.

चीवराचे मूळही चिंध्यांतच आहे. आरंभी भिक्खू कचऱ्यात, रस्त्यात, स्मशानात टाकलेले कापड वेचून, धुऊन, जोडून पांघरत. त्याला पांसुकूल म्हणत. मगधातील बांध घातलेली शेते पाहून भगवंतांनी आनंदाला तशा आखणीचे चीवर करता येईल का असे विचारले आणि आनंदाने ते करून दाखवले. चीवर कापून जोडलेले असते, कारण कापलेल्या वस्त्राला बाजारात मोल राहत नाही, चोराला त्याचा मोह होत नाही. भिक्खूच्या आठ परिष्कारांत भिक्षापात्राच्या जोडीला सुई आहे. आणि वर्षावासानंतरचे कठिन चीवर? 'कठिन' ही कापड ताणून शिवण्याची चौकट. दान आलेले कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पुरे करायचे असते आणि त्या कामात सर्व भिक्खूंनी हात लावायचा असतो. आमच्या चौघींच्या गोधडीसारखेच नाही का हे?

स्मशानातले तेच कापड. मनूने ते आमच्यावर लादले, बुद्धाच्या संघाने ते स्वतः होऊन उचलले. लादलेले आणि स्वीकारलेले यांतला फरक सासूबाईंनी ग्रंथ न वाचता सांगितला होता.

संयुत्त निकायात आणखी एक प्रसंग आहे. महाकस्सप हा श्रीमंत ब्राह्मण घरातून आलेला. त्याने आपली तुकड्यांची संघाटी चौपदरी घडी करून भगवंतांना बसायला दिली. ती मऊ आहे असे ते म्हणाले, तेव्हा त्याने ती देऊ केली. तर भगवंतांनी विचारले, माझे हे जीर्ण झालेले तागाचे पांसुकूल तू पांघरशील का? एकाने दिले, दुसऱ्याने घेतले, आणि आपलेही दिले. वस्त्र असे दिले-घेतले गेले की त्यात कुणी दाता उरत नाही आणि कुणी याचक उरत नाही.

कापसाच्या दुसऱ्या देशात

आपला वऱ्हाड कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगावची बाजारपेठ त्या दिवसांत गाजली. अमेरिकेत तो कापूस वेचत होते काळे गुलाम. आणि वेचणाऱ्यांच्या अंगावर दोन्हीकडे चिंध्याच होत्या!

अमेरिकेत गोधडीला क्विल्ट म्हणतात. १८७६ साली फिलाडेल्फियाला मोठे प्रदर्शन भरले. तिथल्या जपानी वस्तूंची लोकांना भुरळ पडली आणि त्यानंतर श्रीमंत घरच्या बायकांत वेड्यावाकड्या तुकड्यांच्या 'क्रेझी क्विल्ट'ची टूम निघाली. रेशमाचे, मखमलीचे, कोणत्याही आकाराचे तुकडे जोडायचे आणि प्रत्येक जोडावर रंगीत दोऱ्याने नक्षी भरायची. पुढे मैत्रिणी-मैत्रिणी तुकडे एकमेकींना पाठवू लागल्या. एकीने जोडायचे, दुसरीने नक्षी भरायची, तिसरीने नाव घालायचे.

काळ्या बायकांची गोष्ट वेगळी. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायकांनी शेतात झिजलेल्या विजारी-सदऱ्यांच्या गोधड्या केल्या, त्या थंडीसाठी. १९६२ साली, काळे लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला पलीकडच्या गावी जाऊ नयेत म्हणून नदीवरची नावच बंद केली गेली. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग तिथे आले. १९६६ मध्ये त्या भागातील बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही स्वतःची सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकून हातात पैसा आणला. त्यांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात टांगल्या गेल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. त्याच वर्षी ती नावही पुन्हा सुरू झाली. चव्वेचाळीस वर्षांनी!

हॅरिएट पॉवर्सची गोष्टही आपल्या बायकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती १८३७ साली गुलाम म्हणून जन्मली. तिने चित्रांची एक गोधडी केली आणि प्रदर्शनात मांडली. एका गोऱ्या बाईने मागितली तेव्हा तिने दिली नाही. पुढे घरात अडचण आली आणि तीच गोधडी अवघ्या पाच डॉलरना विकावी लागली. विकल्यावरही ती आपली गोधडी पाहायला पुन्हा पुन्हा त्या बाईकडे जाई. आज ती अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आमची पस्तीस तुकड्यांची गोधडी

मुलीचा राग ओसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिनेच मोबाइलवर क्रेझी क्विल्टची चित्रे शोधून काढली. "अशी करायची असेल तर मी नेईन," म्हणाली. मग आम्ही वस्तीत तुकडे फिरवायचे ठरवले.

बारा इंची चौकोन धरला. रुंदीत पाच आणि लांबीत सात, असे पस्तीस तुकडे. म्हणजे पाच फूट बाय सात फूट गोधडी. जोडाला कापड जाते म्हणून प्रत्येक चौकोन तेरा इंची कापला, जुन्या धोतराचा. त्यावर ज्या घरी चौकोन जाईल त्या घरच्या चिंध्या वेड्यावाकड्या बसवायच्या. दुसऱ्या घरी जोडांवर साखळी टाका, काज टाका किंवा मच्छी टाका भरायचा. तिसऱ्या घरी एखादे चित्र किंवा नाव. कुणी कापसाचे बोंड काढले, कुणी पिंपळपान, कुणी उघडे पुस्तक. एका भगिनीने मिस्टरांच्या शर्टाचा खिसा लावला, ते मागच्या वर्षीच गेले होते. त्या खिशावर नक्षी भरायला कुणाचाही हात झाला नाही. तो तसाच ठेवला.

सासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. साठ वर्षे सुई धरली, पेन्सिल धरली नाही. नातीने खडूने त्यांच्या नावाची अक्षरे कापडावर काढून दिली आणि त्यांनी ती साखळी टाक्याने भरली. दोन दुपारी लागल्या. झाल्यावर त्यांनी त्यावर बोट फिरवून विचारले, "हे मीच हाओ?" आम्ही हो म्हटले.

मग तो प्रसंग घडला. माझ्याबरोबर कापूस वेचायला येणारी सवर्ण घरातली एक बाई बाजारातून येताना ओसरीजवळ थांबली. दुसऱ्या दिवशी नव्या झंपराचे उरलेले कापड घेऊन आली. "पोरगी शिकायला चालली. माझाबी एक तुकडा लावा." सगळ्या गप्प झाल्या. एका म्हाताऱ्या आत्याने तोंड फिरवले. तिला जुने दिवस आठवले असणार. सासूबाईंनी सुई खाली ठेवली आणि म्हणाल्या, "देतं तं घेऊ. पण आमचाही न्या लागन. अन तुया गोधडीत लावा लागन, पोतेऱ्यात नाही."

ती बाई क्षणभर उभी राहिली. मग तिने हात पुढे केला. आम्ही निळ्या सुती साडीचा एक तुकडा तिच्या हातात दिला, हातात. ती बसली, चहा घेतला, गेली. आत्या मात्र त्या दिवशी आमच्याशी बोलली नाही.

दिवाळीच्या सुमारास मी तिच्या घरावरून जात होते. ओट्यावर गोधडी वाळत घातली होती. निळा तुकडा काठाच्या ओळीत होता. एका तुकड्याने गाव बदलत नाही, हे आम्हांला कळते. पण मागून आणलेला तुकडा आणि बदल्यात आलेला तुकडा यांत काय अंतर असते, ते त्या दिवशी आमच्या मुलींनी पाहिले.

भगिनींनो, करून पाहा

आपल्या महिला मंडळात किंवा बचत गटात हा उपक्रम सहज करता येईल. आमच्या चुकांवरून चार गोष्टी सांगते.

कापड सुतीच घ्या. नायलॉन, टेरिलिनचा तुकडा सुईखाली सरकतो, जोड गोळा होतो आणि घामही शोषत नाही. नवे रंगीत कापड रात्रभर भिजवून, धुऊन, ओलेच पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. आम्ही ते केले नाही. पहिल्याच धुण्यात एका लाल तुकड्याने शेजारचे तीन तुकडे गुलाबी केले! तुकडा कुणाकडे गेला, कुणाकडून आला, याची वही ठेवा. दोन तुकडे आमच्याकडे हरवले आणि विनाकारण बोलाचाली झाली. आणि प्रत्येकीचे नाव कापडावर आलेच पाहिजे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना मुलींनी अक्षरे काढून द्यावीत.

विकायची असेल तर हिशेब आधी करा. चौघी, पाच दुपारी, रोज तीन तास, म्हणजे साठ तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसात दिवसांची मजुरी झाली. आपल्या भागात शेतात जो रोज मिळतो त्याने गुणा, त्यात दोऱ्याचे आणि कापडाचे पैसे मिळवा. त्याच्या खाली गोधडी देऊ नका. "घरबसल्या तर करता" असे म्हणून भाव पाडणारे भेटतील. त्यांना पाच डॉलरची गोष्ट सांगा.

मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जाताना तिने ब्लँकेटही नेले, ते मी नाकारणार नाही. पहिल्या थंडीत तिचा फोन आला. खोलीतल्या मैत्रिणीने विचारले होते, तुझ्या पांघरुणावर एवढी नावे कुणाची? "मग काय सांगितलेस?" मी विचारले.

"सांगितले, आमच्या वस्तीतली घरे आहेत," ती म्हणाली. "आणि आई, पुढच्या उन्हाळ्यात तिच्या आईकडून एक तुकडा येणार आहे. आपला एक काढून ठेव."